डेम्पस्टर हायवे: नक्की कधी जावं?

सारंग_एडमंटन

नमस्कार मंडळी,

कॅनडात एडमंटनला येऊन बरीच वर्षं झाली. जॅस्पर, बॅन्फ करून झालं, आता डोक्यात एकच किडा वळवळतोय: गाडी घेऊन थेट आर्क्टिक महासागर गाठायचा. व्हाइटहॉर्स, डॉसन, तिथून डेम्पस्टर हायवेने इनुविक आणि पुढे टुक्टोयाकटुक (थोडक्यात टुक). नकाशात एकच रेघ दिसते, चुकायला वावच नाही, असं सांगून बायकोला पटवलंय. बाबा (वय ६८, मधुमेह आहे, बाकी ठणठणीत) पण येतो म्हणतायत.

घोडं अडलंय ते महिन्यावर. बायकोला नॉर्दर्न लाइट्स बघायचेत, त्यामुळे ती डिसेंबरच्या सुट्टीवर अडून बसलीय. बाबांना मावळत नसलेला सूर्य बघायचाय, म्हणजे जून. मला स्वतःला गाडी चालवायची मजा हवी आहे, बाकी काहीही चालेल. ऑफिसातला एक जण म्हणतो सप्टेंबरशिवाय जाऊच नका, दुसरा म्हणतो हिवाळ्यात रस्ता उन्हाळ्यापेक्षा चांगला असतो. हे खरं आहे की माझी फिरकी घेतोय?

गाडी साधी एसयूव्ही, ऑल व्हील ड्राइव्ह, टायर कंपनीचेच. रजा तीन आठवडे मिळेल. कोणी गेलं असेल तर सविस्तर लिहा. यूट्यूबवर सगळे नुसते ड्रोन उडवतात, रस्त्याबद्दल कोणी बोलत नाही.

चाकोरीबाहेर

आम्ही जुलैत गेलो होतो, दोन मोटरसायकली. प्रकाशाचं टेन्शन नाही, रात्री अकराला तंबू ठोका नाहीतर दोनला, फरक पडत नाही. टूम्बस्टोनचे डोंगर बघून डोळ्यांचं पारणं फिटतं.

पण जुलैबद्दल दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, डास. थांबलात की हेल्मेटच्या आत शिरतात. जेवण चालता चालता करायचं, बसून नाही. दुसरी गोष्ट पाऊस. कोरडा असताना हा रस्ता धुळीचा पण बरा असतो. पाऊस पडला की वरचा थर लोण्यासारखा होतो आणि बाइक जाईल तिकडे आपण जायचं. ईगल प्लेन्सच्या अलीकडे आम्ही दोघंही आडवे झालो. वेग इतका कमी होता की लागलं काही नाही.

चारचाकीला एवढा त्रास नाही. पण बाबांसाठी जून-जुलै म्हणत असाल तर जाळीच्या टोप्या आत्ताच घेऊन ठेवा. आणि त्या उन्हाळ्यात वणव्यांचा धूर एवढा होता की एक अख्खा दिवस डोंगर दिसलेच नाहीत. ते नशिबावर.

इनुविककर

सारंग, मी इनुविकला राहते. इथल्या एका किराणा दुकानाचा माल मागवणं हे माझं काम, त्यामुळे हा रस्ता बंद की चालू हे मला हवामानखात्याआधी कोबीच्या गड्ड्यावरून कळतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट पक्की करून टाका. इथे महिना तुम्ही ठरवत नाही, दोन नद्या ठरवतात. पील आणि मॅकेन्झी. दोन्हींवर पूल नाही. उन्हाळ्यात फेरी (गाड्या पलीकडे नेणारी बोट) असते, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या जातात. या दोन्हींच्या मधे जो काळ येतो, नदी धड पाणीही नाही आणि धड बर्फही नाही, तेव्हा पलीकडे जायची सोयच नसते. वसंतात हे साधारण एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला सुरू होतं आणि जून उजाडेपर्यंत चालतं. शरदात ऑक्टोबरच्या अखेरीपासून पुढे काही आठवडे, कधी डिसेंबर लागेपर्यंत. तारखा दरवर्षी हलतात. त्या काळात आमचं दूध, अंडी, पालेभाजी विमानाने येते आणि भाव बघून गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं जणू नदी मीच वितळवली.

तेव्हा मे आणि नोव्हेंबर दोन्ही यादीतून खोडा. उरलेल्यात काय मिळतं ते सांगते.

त्याआधी रस्ता म्हणजे काय चीज आहे ते समजून घ्या, नाहीतर टायरचं कोडं सुटणार नाही. डॉसनच्या पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर क्लोन्डाइक हायवेला फाटा फुटतो, तिथे शून्य. तिथून इनुविकपर्यंत सुमारे ७३६ किलोमीटर, जवळजवळ सगळा खडीचा. खाली जमीन कायमची गोठलेली. ती खोदली की उन्हाने वितळते आणि रस्ता खचतो, म्हणून खोदकाम न करता वर सव्वा ते अडीच मीटर जाडीचा भराव टाकलाय. तो भराव म्हणजे त्या गोठलेल्या जमिनीवरचं पांघरूण. काम १९५९ मध्ये सुरू झालं आणि रस्ता उघडला १९७९ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे मधे काय काय झालं असेल याची कल्पना करा. इनुविक ते टुक हा तुकडा तर २०१७ च्या नोव्हेंबरात उघडला. त्याआधी उन्हाळ्यात टुकला जायला विमान किंवा होडी, आणि हिवाळ्यात गोठलेल्या मॅकेन्झीवरचा बर्फाचा रस्ता. आमच्या दुकानातले जुने लोक अजून त्या बर्फाच्या रस्त्याच्या आठवणी काढतात, नवा रस्ता त्यांना अळणी वाटतो.

भरावाला जी खडी लागते तिच्यात ठिकठिकाणी शेल असतो. चपटा, धारदार दगड. ग्रेडरने ताजा रस्ता खरवडला की त्या धारा वर येतात. तुमचे कंपनीचे टायर शहरासाठी ठीक, इथे त्यांच्या बाजूच्या भिंती कागदासारख्या. यावर पाना_पक्कड जास्त सांगतील, ते व्हाइटहॉर्सला गॅरेज चालवतात आणि इथे वाचत असतात हे मला माहीत आहे.

आता ऋतू.

जून. फेऱ्या सुरू झाल्या की पहिले पंधरा दिवस रस्ता ओला, भराव बसत असतो, खड्डे भरपूर. पण सूर्य मावळत नाही. इनुविकला मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो क्षितिजाखाली जातच नाही. बाबांना सांगा, बघायला छान, झोपायला वाईट. मी खिडक्यांना अॅल्युमिनियमची फॉइल चिकटवते, इथे बरेच जण तेच करतात. उत्तरेकडे तोंड करून मध्यरात्रीचं ऊन अंगावर घ्यायचं असेल तर आर्क्टिक वृत्ताचा फलक ४०५ व्या किलोमीटरवर आहे, पण माझं मत विचाराल तर तिथे फोटो काढून पुढे निघा. खरी मजा त्याच्या पुढे, रिचर्डसन डोंगरांत, जिथे झाडच नाही आणि रस्त्याचे पुढचे तीन वळसे एकदम दिसतात.

जुलैबद्दल वर लिहिलंय, खरं आहे. भर एवढीच की धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. पावसात ते चिखलात मिसळून गाडीच्या पोटाला चिकटतं, वाळलं की सिमेंट. डॉसनला परत आल्यावर गाडी खालून धुवा, वरून दिसायला कशी का असेना.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा पहिला. तुमच्या ऑफिसातला माणूस याच पंधरवड्याबद्दल बोलत असणार. टूम्बस्टोनपाशी, ७१ व्या किलोमीटरच्या पुढे, जमीनच लाल होते. झाडं नाहीत, गुडघ्याएवढी बुटकी बर्च आणि त्याखाली बेरीची पानं, ती सगळी एकदम पेटतात. खिंडीवर, साधारण १३०० मीटर उंचीवर, तेव्हाच पहिला बर्फ पडलेला असू शकतो. डास संपलेले. रात्री परत काळोख व्हायला लागतो, म्हणजे वहिनींचे नॉर्दर्न लाइट्सही दिसू शकतात. त्यांना हे आधी सांगा, डिसेंबरचा हट्ट सुटेल. जूनमध्ये लाइट्स दिसत नाहीत ते थंडी नसते म्हणून, असं बऱ्याच जणांना वाटतं. लाइट्स तेव्हाही असतात, पण बघायला अंधार हवा ना.

याच सुमारास पोर्क्युपाइन कॅरिबूंचा (रेनडियर जातीच्या हरणांचा) कळप उन्हाळी मुक्काम सोडून इकडे सरकतो. लाखांच्या घरातला कळप आहे, २०१७ मध्ये मोजला तेव्हा दोन लाखांच्या वर भरला होता. म्हणून तुम्हाला दिसेलच असं नाही. एका वर्षी रस्ता अडवून उभे असतात, दुसऱ्या वर्षी शिंगही नजरेस पडत नाही. दिसले तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, आणि पुढचे गेले म्हणून लगेच निघू नका. मागचे येतच असतात.

पेट्रोलचं गणित: डॉसनला काठोकाठ भरा. पुढचं पेट्रोल ईगल प्लेन्सला, ३६९ व्या किलोमीटरवर, म्हणजे डॉसनपासून ४०० च्या वर. मधे काही नाही. काही नाही म्हणजे टपरीही नाही आणि फोनची रेंजही नाही. ईगल प्लेन्सला हॉटेल, पंप, टायरचं काम, सगळं एकाच ठिकाणी. पुढे फोर्ट मॅकफर्सन साधारण १८० वर, तिथून इनुविक तेवढंच. टुकला जाऊन यायचं साधारण २८० किलोमीटर, ते इनुविकच्याच टाकीवर करा.

युकॉनची (डॉसन ज्यात येतं त्या प्रदेशाची) हद्द संपून नॉर्थवेस्ट टेरिटरीज लागल्या की किलोमीटरचे दगड परत शून्यापासून सुरू होतात, तेव्हा कोणी "७० व्या किलोमीटरला अस्वल दिसलं" म्हणालं तर आधी कुठलं सत्तर ते विचारा. आणि उन्हाळ्यात नॉर्थवेस्ट टेरिटरीजचं घड्याळ युकॉनच्या एक तास पुढे असतं. हे विसरून पीलच्या काठावर मध्यरात्री पोचलेले लोक सकाळी आमच्या दुकानात कॉफी शोधत येतात, चेहऱ्यावरून ओळखू येतात. फेरी रात्रभर चालत नाही. पैसे मात्र दोन्हीकडे पडत नाहीत.

फेरीबद्दल अजून एक. डोंगरात जोराचा पाऊस झाला की पील एका रात्रीत चढते, ओंडके वाहून आणते, धक्का म्हणून जो खडीचा उतार केलेला असतो तो धुऊन जातो. मग लोडर येतो, नवा उतार करतो, तोवर सगळे रांगेत. तुमच्या तीन आठवड्यांतले चार दिवस या नदीच्या नावाने मोकळे ठेवा. परतीचं ऑफिस सोमवारी असेल तर इकडे फिरकूच नका. हे खरंच सांगते.

घाई हा या वाटेचा जुना शत्रू आहे. ज्याच्या नावाने हा रस्ता आहे तो डेम्पस्टर पोलीस दलातला माणूस. १९१० च्या डिसेंबरात फिट्झजेराल्ड नावाचा अधिकारी तीन जणांना घेऊन कुत्र्यांच्या गाड्यांनी फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघाला. वेळेचा विक्रम करायचा म्हणून शिधा कमी घेतला, आणि वाट माहीत असलेल्या गाइडला मधूनच परत पाठवला. वाट चुकली, चौघेही गेले. १९११ च्या मार्चमध्ये डेम्पस्टरने त्यांना शोधून काढलं. त्यांची थडगी फोर्ट मॅकफर्सनला चर्चजवळ आहेत, रस्त्यावरून फाटा घेऊन पाचच मिनिटं. थांबा तिथे.

सारंग_एडमंटन

ताई, हे छापून काढून बायकोला वाचायला दिलं. ती आता ऑगस्टअखेरीवर आली आहे, पण तिचा एक प्रश्न उरलाय, आणि माझाही तोच: हिवाळ्यात रस्ता चांगला असतो हे खरं का? आणि डिसेंबरात तिकडे नेमकं काय दिसतं?

इनुविककर

डिसेंबरात काय दिसतं? हेडलाइटच्या उजेडात येईल तेवढं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इनुविकला सूर्य उगवतच नाही. दुपारी दोन-चार तास आकाश निळं-गुलाबी होतं आणि परत अंधार. जानेवारीत तो परत येतो तेव्हा गावात उत्सव असतो, शेकोटी, फटाके. लाइट्स दिसतात, भरपूर दिसतात. पण त्यासाठी डिसेंबरच कशाला?

हिवाळ्यात पृष्ठभाग चांगला असतो हे शंभर टक्के खरं. बर्फ दाबून गुळगुळीत होतो, शेल त्याखाली गाडला जातो, धूळ नाही, पंक्चर जवळपास नाही. आमचे ट्रकवाले हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा खुश असतात. गावातल्या विजेसाठी लागणारा द्रवरूप नैसर्गिक वायू टँकरनी याच रस्त्याने येतो, म्हणजे रस्ता उघडा ठेवण्यात सगळ्यांचाच जीव अडकलेला.

पण पृष्ठभाग म्हणजे रस्ता नव्हे. रिचर्डसन डोंगरांपाशी, आर्क्टिक वृत्ताच्या पुढे, वारा सुटला की गाडीचं बॉनेट दिसत नाही. मग ईगल प्लेन्सला फाटक लावतात आणि तुम्ही तिथेच. एक दिवस, कधी चार. मी तिथे अडकले आहे, पत्ते खेळून खेळून ओळखी झाल्या, एक लग्न जमल्याचंही ऐकलं (खरं खोटं ईगल प्लेन्सला माहीत). फाटक लागलं असताना कोणीतरी शहाणा म्हणतो, वारा पडलाय, निघू या. पडलेला असतो तो फक्त हॉटेलच्या मागे.

थंडीचंही गंमतशीर आहे. घाट चढलं की गार होणार असं वाटतं ना? इथे हिवाळ्यात उलटं. गार हवा जड, ती दऱ्यांत साचते. ओगिल्व्ही नदीच्या काठाने जाताना उणे ४२ दाखवणारा काटा वरच्या कड्यावर चढलात की उणे २५ वर येतो. म्हणून लघवीला, चहाला, जे काही असेल त्याला वर थांबायचं, नदीकाठी नाही. नदीकाठी आणखी एक भानगड असते: खालचं पाणी बर्फ फोडून वर येतं आणि रस्त्यावर पसरून गोठतं. वरून पातळ साय, खाली वीतभर पाणी. चाक त्यात गेलं आणि गाडी थांबली तर ते चाक तिथेच गोठतं.

नदी ओलांडायची कशी हा सगळ्यांचा प्रश्न असतो. हिवाळा लागला की नदीवर पंपाने पाणी ओतून बर्फ जाड करत नेतात. आधी हलक्या गाड्या सोडतात, मग जाडी वाढेल तशी वजनाची मर्यादा वाढवतात. फलकावर आजची मर्यादा आणि वेग लिहिलेला असतो. वेगाचं कारण ऐका. गाडीच्या वजनाने बर्फ किंचित वाकतो आणि खालच्या पाण्यात लाट उठते, ती गाडीबरोबर धावते. तुम्ही जोरात असाल तर काठाशी ती लाट आपटून उलट येते आणि तिथला बर्फ तडकवते. काठाजवळच बर्फ फुटतो तो असा. म्हणून सगळे बैलगाडीच्या वेगाने जातात आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवतात. खिडकी खाली केलीत तर बर्फाचा आवाज येतो. तो येणारच, कान देऊ नका.

म्हणून माझं स्वतःचं मत: तुम्हाला, सारंग, गाडी चालवायची मजा हवी आहे, तर मार्चचा दुसरा पंधरवडा. बर्फ पक्का, दिवस बारा तासांचा, ऊन एवढं लख्ख की गॉगलशिवाय चालवता येत नाही, आणि रात्री लाइट्स. डोंगर सगळे पांढरे, सावल्या निळ्या. ऑगस्टपेक्षा मला तो आवडतो. पण तो सगळ्या कुटुंबाला घेऊन पहिल्याच खेपेला करायचा नाही, आणि ऑल व्हील ड्राइव्हला ऑल-सीझन टायर लावून तर नाहीच.

पाना_पक्कड

बोलावलंत म्हणून आलो. ताईंचं मार्चचं कौतुक मला मान्य नाही. त्या तिथे राहतात, त्यांची गाडी रात्रभर प्लगला असते. एडमंटनची गाडी म्हणजे ब्लॉक हीटर असेल एवढं गृहीत धरतो, पण इथे तेवढ्याने भागत नाही. ऑइल पॅनचा हीटर, बॅटरीला ब्लँकेट, रेडिएटरपुढे पुठ्ठा नाहीतर कव्हर, झिरो-डब्ल्यूचं सिंथेटिक तेल. उणे ४० ला उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात, पहिले काही किलोमीटर धपधप आवाज येतो, घाबरू नका, गरम झाले की गोल होतात. हँडब्रेक लावू नका, गोठून बसतो. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालायला लागू नका, एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे. उणे ४० च्या स्लीपिंग बॅग माणशी एक, काडेपेटी, मेणबत्त्या, डबा. बर्फ वितळवायला डबा.

ऑगस्टसाठी: टायर बदला. लाइट ट्रकचे, दहा प्लाय (म्हणजे जाड, मजबूत भिंतींचे), ते तुमच्या रिमवर बसत असतील तर. नसतील तर निदान पूर्ण आकाराचं एक स्टेपनी आणि जमलं तर दोन. डिकीतलं ते लहान पिवळं पट्टीवालं चाक घरी ठेवा, इथे त्याचा उपयोग शून्य. पंक्चरचं किट, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, आणि जॅकखाली टाकायला फळीचा तुकडा. खडीत जॅक खचतो.

वेग साठ-सत्तर. लोक म्हणतात ९० ने खड्डे जाणवत नाहीत. खरंय, गाडी माझ्याकडे आली की मग जाणवतात. समोरून ट्रक आला तर उजवीकडे सरका, वेग कमी करा, थांबलात तरी चालेल. काच तडकते ती दोघांच्या वेगाच्या बेरजेने, त्यातला आपला अर्धा तरी कमी करता येतो. दिवे कायम चालू, धुळीत तेच दिसतात. कडेला उतरताना जपून, भरावाचा काठ मऊ असतो आणि तीव्र उताराचा, चाक एकदा घसरलं की गाडी टुंड्रात.

काही ठिकाणी रस्ता एकदम रुंद आणि सरळ होतो. तो विमानं उतरायची धावपट्टी आहे, पार्किंग नाही. तिथे चहाला थांबणारे मी पाहिलेत.

टोइंगबद्दल विचारूच नका. डेम्पस्टरच्या मधूनच गाडी उचलून आणायची म्हणजे बिल बघून माणूस गाडी तिथेच सोडायचा विचार करतो. विमा कंपनीला खडीच्या रस्त्याबद्दल आधी विचारा. भाड्याची गाडी घ्यायचा विचार आला तर करारातला बारीक मजकूर वाचा, बहुतेकांत खडीचा रस्ता वर्ज्य असतो.

इनुविककर

पक्कडराव, मार्चवरून तुमचं माझं कधीच जमणार नाही, सोडा. टायरवर मात्र शब्द न् शब्द मान्य.

सारंग_एडमंटन

ठरलं. ऑगस्टचा शेवटचा आठवडा, टायर बदलतोय, दोन स्टेपनी छपरावर. बाबा मावळत नसलेल्या सूर्यावर पाणी सोडायला तयार झालेत, म्हणाले रात्र तरी नीट झोपेन. शेवटचा प्रश्न त्यांच्याबद्दलच: इन्सुलिन घेतात. काही झालं तर वाटेत डॉक्टर?

इनुविककर

इनुविकला पूर्ण रुग्णालय आहे. फोर्ट मॅकफर्सनला आरोग्य केंद्र आहे, तिथे नर्स असतात. डॉसनलाही छोटं रुग्णालय आहे. त्यांच्या मधे, म्हणजे डॉसन ते मॅकफर्सन, काही नाही. म्हणून सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने घ्याच, आणि तो फक्त तुम्हाला नाही, वहिनींना आणि बाबांनाही वापरता आला पाहिजे. घरून निघण्याआधी दोघांकडून एकेक मेसेज पाठवून घ्या.

इन्सुलिन गोठलं की वाया जातं, नंतर वितळलं तरी वापरायचं नाही. ऑगस्टअखेरीस खिंडीत रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा गाडीत झोपणार असाल तर पेन डिकीत किंवा दाराच्या कप्प्यात नको, बाबांच्या आतल्या खिशात. दिवसा उलट, डॅशबोर्डवर उन्हात नको. साठा दोन ठिकाणी विभागून ठेवा आणि तीन आठवड्यांच्या हिशोबापेक्षा दहा दिवसांचं जास्त घ्या, पील काय करेल सांगता येत नाही. खायचं गोड काहीतरी पुढच्या सीटपाशी, हाताला लागेल असं.

ईगल प्लेन्सची खोली आत्ताच सांगून ठेवा, ऑगस्टात भरलेली असते. निघायच्या दिवशी सकाळी डॉसनमध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीजचं माहिती केंद्र आहे तिथे जा, फेऱ्यांचं आणि वाऱ्याचं ताजं तिथे कळतं. त्यांनी थांबा म्हटलं तर थांबा.